डॉमिनियन: डेक भरण्याआधी तो रिकामा करायला शिका

तासगावच्या एका तरुण खेळाडूने विचारले आहे, की मेंढीकोटात आणि रमीत घरातले कोणी त्यांचा हात धरू शकत नाही, पण गेले तीन महिने मोबाईलवर डॉमिनियन हा कार्डांचा खेळ खेळताना दहांतले आठ डाव ते हरत आहेत. पहिल्या खेळींत कोणती कार्डे घ्यावीत, गुणांची कार्डे केव्हापासून घ्यावीत आणि माझ्या कायमचे लक्षात राहिलेले डाव कोणते, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शेवटच्या हरलेल्या डावात त्यांच्या डेकमध्ये, म्हणजे स्वतःच्या कार्डांच्या गड्डीत, काय होते, तेही त्यांनी लिहिले आहे: सात कॉपर, तीन इस्टेट, चार व्हिलेज, तीन सिल्व्हर, दोन मिलिशिया, एक गोल्ड आणि दोन प्रॉव्हिन्स. त्या डावात चॅपेल, स्मिदी आणि लॅबोरेटरी ही कार्डेही समोर उपलब्ध होती, पण त्यांना हात लावला नाही, असेही ते म्हणतात. मी साताऱ्यात गणित शिकवतो आणि २०१७पासून हा खेळ जवळजवळ रोज रात्री खेळतो. या यादीवर माझी नजर बराच वेळ खिळून राहिली, कारण पहिल्या वर्षी माझा डेक हुबेहूब असाच असे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांनी तयार केलेला डॉमिनियन २००८ साली रिओ ग्रँडे गेम्सने बाजारात आणला आणि २००९ साली त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९९३पासून चालत आलेल्या मॅजिकसारख्या कार्डांच्या खेळात आपला डेक घरून बांधून आणावा लागे. डॉमिनियनमध्ये मात्र दोघेही तीच दहा कार्डे घेऊन बसतात, सात कॉपर आणि तीन इस्टेट, आणि डेक बांधणे हाच खेळ असतो. कॉपर, सिल्व्हर आणि गोल्ड ही एक, दोन आणि तीन नाण्यांची कार्डे; इस्टेट, डची आणि प्रॉव्हिन्स ही एक, तीन आणि सहा गुणांची, पण हातात आली तर नुसती जागा अडवणारी. प्रत्येक खेळीत हातात पाच कार्डे येतात, त्यांतून एक ॲक्शन, म्हणजे काहीतरी करून देणारे कार्ड, खेळायची, उरलेल्या नाण्यांतून एक कार्ड विकत घ्यायचे आणि सगळे बाजूला टाकून नवी पाच उचलायची. उचलायची कार्डे संपली की टाकलेली पिसून पुन्हा तीच गड्डी. २०१७पासून शफल आयटीच्या संकेतस्थळावर हा खेळ संगणकावर खेळता येतो. पिसण्याचे काम यंत्र करत असल्यामुळे टेबलावर लांबत जाणारा डाव तिथे पंधरा मिनिटांत उरकतो, आणि म्हणूनच एका संध्याकाळी तीनचार डाव खेळून आपली चूक त्याच दिवशी तपासता येते.

मेंढीकोट खेळणाऱ्याला एक शब्द इथे फसवतो. तिथे ‘हात’ म्हणजे चार पानांचा जिंकलेला हात, आणि तो जितका जास्त तितके बरे. इथे हात म्हणजे केवळ ती पाच कार्डे, आणि त्यांतले प्रत्येक कार्ड दुसऱ्या एखाद्या कार्डाची जागा अडवून बसलेले असते. गोळा करण्याची सवय घेऊन आलेला माणूस इथे हरतो, कारण त्याला प्रत्येक नवे कार्ड ही मिळकत वाटते. तुमच्या तासगावात बेदाण्याच्या सौद्यात व्यापारी बॉक्समधला मूठभर माल तळहातावर घेऊन पाहतो. बॉक्समध्ये चांगला माल एकूण किती आहे याला त्या क्षणी अर्थ नसतो, मुठीत काय आले त्यावर भाव ठरतो. डॉमिनियनचा डेक दर खेळीला असाच मूठ भरून तपासला जातो, आणि मूठ सुधारायची तर काळे दाणे आधी वेचून काढावे लागतात.

हे आकड्यांत मांडतो. सुरुवातीच्या दहा कार्डांत सात नाणी, म्हणजे हातात सरासरी साडेतीन. प्रॉव्हिन्सची किंमत आठ, म्हणजे सरासरीने तिथे पोहोचायला दर कार्डामागे १.६ नाणी हवीत. आता मूळ दहा कार्डांत तीन सिल्व्हर आणि दोन गोल्ड घातले, तर १५ कार्डांत १९ नाणी होतात आणि हाताची सरासरी ६.३ येते. याच डेकमध्ये चॅपेल असते आणि त्याने तीन इस्टेट आणि चार कॉपर कायमचे बाहेर काढले असते, तर चॅपेल धरून ९ कार्डे आणि १५ नाणी उरली असती. नाणी चारने कमी झाली, पण हाताची सरासरी ८.३ झाली, म्हणजे बहुतेक खेळींत प्रॉव्हिन्स. चॅपेलची किंमत फक्त दोन आहे आणि ते एका खेळीत हातातली चार कार्डे नाहीशी करू शकते. मूळ संचात इतक्या स्वस्तात इतके देणारे दुसरे कार्ड मला माहीत नाही.

तुमच्या डेकचा हिशेबही असाच करून पाहिला. व्हिलेज खेळताच एक कार्ड उचलून देते, म्हणजे आपली जागा स्वतःच भरून काढते, म्हणून ती चार वगळू. उरलेल्या १८ कार्डांत कॉपरची सात, सिल्व्हरची सहा, गोल्डची तीन आणि मिलिशियाची चार मिळून २० नाणी होतात, म्हणजे हातात सरासरी साडेपाच. हा डची घेणारा डेक आहे. प्रॉव्हिन्स त्याला कधीतरी, नशिबाने मिळणार. आणि त्या चार व्हिलेजचे काय झाले, याचा विचार करा. व्हिलेज दोन ॲक्शन देते, पण त्या ॲक्शन खर्च करायला डेकमध्ये फक्त दोन मिलिशिया होत्या. एकामागून एक तीन व्हिलेज खेळल्याचे समाधान मोठे असते, मलाही ते आवडत असे, पण त्या तीन खेळून झाल्यावर हात होता तिथेच राहतो. व्हिलेज ही स्मिदीसारख्या, तीन कार्डे उचलून देऊन ॲक्शन संपवणाऱ्या कार्डांच्या सोबतीसाठी असते. आधी दुसरी स्मिदी, मग तिच्यासाठी व्हिलेज, हा क्रम मोडू नका.

चॅपेल घेतल्यावर नवखा खेळाडू हमखास एका ठिकाणी अडखळतो. तिसऱ्या खेळीत हातात चॅपेल, तीन कॉपर आणि एक इस्टेट आले, की त्याला तीन नाण्यांचे सिल्व्हर दिसते आणि तो फक्त इस्टेट काढून सिल्व्हर घेतो. माझे मत असे, की इथे चारही कार्डे काढावीत आणि त्या खेळीत काहीही विकत घेऊ नये. पुढची खेळी उपाशी जाऊ नये एवढ्यासाठी डेकमध्ये किमान तीन नाणी शिल्लक असली पाहिजेत, एवढे पथ्य मात्र पाळा; पहिल्या दोन खेळींत एक सिल्व्हर घेतलेले असेल तर ते सहज पाळले जाते. दहाव्या खेळीनंतर हाती आलेल्या चॅपेलला अर्थ उरत नाही. काढून टाकण्याचा फायदा प्रत्येक पुढच्या हातात थोडा थोडा मिळत जातो, म्हणून तो लवकरच घ्यावा लागतो.

पहिल्या दोन खेळींविषयी तुम्ही विशेष विचारले आहे. सात कॉपर आणि तीन इस्टेट दोन हातांत विभागली जातात तेव्हा सहांपैकी पाच वेळा एका हातात चार आणि दुसऱ्यात तीन नाणी येतात, आणि सहांतून एकदा पाच आणि दोन. दोन्ही खेळींत काही घेतले, की डेक १२ कार्डांचा होतो आणि पिसला जातो. त्यातली दहा तिसऱ्या आणि चौथ्या खेळीत हातात येतात, म्हणजे तुम्ही घेतलेले चॅपेल तळाला राहून पाचव्या खेळीपर्यंत हुलकावणी देण्याची शक्यता सहात एक. आणि दोन्ही खेळींत ॲक्शन संपवणारी कार्डे घेतली, समजा चॅपेल आणि मिलिशिया, तर ती दोन्ही एकाच हातात येऊन एक वाया जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. ही जोखीम कधी कधी घेण्यासारखी असते, पण ती ३० टक्के आहे हे माहीत असून घ्यावी. माझे विद्यार्थी हे गणित वहीत करतात तेव्हा त्यांना संभाव्यतेचे प्रकरण पहिल्यांदा आपलेसे वाटते, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो.

आता डावांविषयी. सांगलीला विश्रामबागेत माझी ताई राहते. दाजी आणि मी फोन चालू ठेवून हा खेळ खेळतो. तो सात वर्षांचा नेम आहे. मला चॅपेल कळले ते त्यांच्याकडून हरताना. त्या डावात मी पहिला खेळत होतो आणि सिल्व्हर, स्मिदी, गोल्ड असा सरळ पैशांचा डेक बांधला होता. तेराव्या खेळीपर्यंत माझ्याकडे तीन प्रॉव्हिन्स होते. दाजींनी चौथ्या-पाचव्या खेळीपर्यंत जवळजवळ काहीच घेतले नव्हते, नुसती कार्डे काढून टाकली होती, आणि मी मनात जिंकल्याचे धरून चाललो होतो. मग जादा कार्डे, जादा ॲक्शन आणि जादा खरेदी देणाऱ्या त्यांच्या लॅबोरेटरी, फेस्टिव्हल आणि मार्केट यांनी मिळून अख्खा डेक एकाच खेळीत हातात आणायला सुरुवात केली. तेराव्या खेळीत त्यांनी एक प्रॉव्हिन्स घेतला आणि चौदाव्यात दोन. प्रॉव्हिन्स दोनच शिल्लक राहिले, आणि ते संपले की डाव संपतो. चौदाव्या खेळीत मला एक डची मिळाली होती, म्हणजे पंधरावी खेळताना माझे गुण २४ आणि त्यांचे १८.

त्या पंधराव्या खेळीचा हात मला आजही डोळ्यांसमोर दिसतो: एक गोल्ड, दोन सिल्व्हर आणि दोन इस्टेट. सात नाणी. त्या दोन इस्टेटपैकी एकीच्या जागी खेळातले सर्वांत हलके नाणे, एक कॉपर असता, तरी आठ झाली असती, चौथा प्रॉव्हिन्स माझा झाला असता आणि बहुधा डावही. मी डची घेऊन २७ केले, दाजींनी सोळा नाण्यांत उरलेले दोन्ही प्रॉव्हिन्स उचलले आणि ३० गुणांवर डाव संपवला. माझ्या तीन इस्टेटनी मला तीन गुण दिले होते आणि तेवढ्याच फरकाने मी हरलो. ते तीन गुण जपण्यासाठी मी पंधरा खेळी ती कार्डे वागवली, आणि नेमक्या त्याच कार्डांनी शेवटचा हात अडवला. दाजी फोनवर एवढेच म्हणाले, ‘पाव्हणं, त्या इस्टेटी काढून टाकायच्या असत्यात.’

दुसरा डाव याच्या अगदी उलट शिकवणारा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय वरचे सगळे अर्धवट राहील. समोर एक अनोळखी खेळाडू होता. पटावर, म्हणजे विकत घेता येणाऱ्या कार्डांत, वर्कशॉप आणि गार्डन्स होती. गार्डन्स हे कार्ड तुमच्या डेकमधल्या दर दहा कार्डांमागे एक गुण देते, म्हणजे इथे जाडी हीच संपत्ती. त्याने पहिल्या दोन्ही खेळींत वर्कशॉप घेतले आणि मग दर खेळीला वर्कशॉपने एक कार्ड फुकट आणि नाण्यांतून एक विकत, असा सपाटा लावला. मी मात्र सवयीने डेक बारीक करत बसलो, माझ्या दोन वर्कशॉपनी व्हिलेज जमवत राहिलो, आणि त्याच्या डेकमधला कचरा पाहून निर्धास्त होतो. माझे चार प्रॉव्हिन्स झाले आणि पुढच्या खेळीपासून दोन दोन येणार हे दिसत होते. सोळाव्या खेळीत त्याने शेवटची इस्टेट उचलली आणि डाव संपला.

डाव प्रॉव्हिन्स संपल्यावर तर संपतोच, पण कोणतेही तीन ढीग रिकामे झाले तरी संपतो. दहा वर्कशॉप, आठ गार्डन्स आणि आठ इस्टेट हे त्याचे तीन ढीग होते. त्याच्या डेकमध्ये ४० कार्डे होती. सात गार्डन्सचे प्रत्येकी चार म्हणजे २८, शिवाय सुरुवातीच्या तीन आणि ढिगातल्या आठ अशा ११ इस्टेट, एकूण ३९. माझे चार प्रॉव्हिन्सचे २४ आणि एकुलत्या गार्डन्सचे दोन, असे २६. माझा डेक त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला होता, पण डाव तो डेक फळाला येण्याइतका लांब चालणार नव्हता, आणि किती लांब चालणार हे समोरचा ठरवत होता. वर्कशॉपचा ढीग सहावर आला तेव्हाच मी दर खेळीला एक गार्डन्स अडवायला हवे होते. चार गार्डन्स मला मिळाली असती, तर त्याचे १२ गुण तिथेच कमी झाले असते. तेव्हापासून मी प्रत्येक खेळीआधी पटावरचे ढीग मोजतो. मेंढीकोटात किती दश्श्या पडल्या हे तुम्ही जसे न चुकता ध्यानात ठेवता, तीच सवय इथे ढिगांसाठी लावून घ्या. ते कौशल्य तुमच्यात आधीच आहे.

डेक बारीक करणे हा लांब डावाचा उपाय आहे. समोरच्याला कर्स, म्हणजे गुण कमी करणारे निरुपयोगी कार्ड, देणारी विच पटावर असेल तर डाव लांबतोच, कारण दोघांच्याही डेकमध्ये कर्स साचत जातात. तिथे पाच नाणी आली की पहिली विच घ्यावी, दुसरा विचार करू नये. दोघांच्या डावात कर्स फक्त दहा असतात आणि आधी सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला ते कमी येतात.

गुणांची कार्डे केव्हा घ्यायची, या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या डावात आहे. माझा ढोबळ नियम असा, की डेक दर खेळीला आठ नाणी काढू लागेपर्यंत प्रॉव्हिन्सची घाई करू नये, पटावर चार प्रॉव्हिन्स उरले की सहा नाणी असली तरी गोल्ड न घेता डची घ्यावी आणि दोन उरले की सुट्या दोन नाण्यांत इस्टेटसुद्धा घ्यावी, कारण आता घेतलेले गोल्ड पुन्हा हातात यायच्या आधी डाव संपलेला असेल. पण शेवटचे दोन प्रॉव्हिन्स उरतात तेव्हा नियम पुरत नाहीत, तिथे बेरीज करावी लागते.

मागच्या पावसाळ्यातली रात्र होती. अजिंक्यतारा धुक्यात पूर्ण बुडालेला, वीज दोनदा जाऊन आलेली. दाजींचे २२ गुण, माझे २१, दोन प्रॉव्हिन्स शिल्लक आणि माझ्या हातात नेमकी आठ नाणी. प्रॉव्हिन्स घेतला तर माझे २७ होतात, पण दाजी शेवटचा घेऊन २८वर डाव संपवतात. म्हणून मी आठ नाण्यांत पाचाची डची घेतली आणि २४ केले. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग दाजी म्हणाले, ‘मोजलंय तुम्ही.’ आता तोच पेच त्यांच्यापुढे होता: त्यांनी प्रॉव्हिन्स घेतला तर २८, आणि शेवटचा घेऊन मी ३०. त्यांनीही डची घेतली, २५. मी पुन्हा आठ नाण्यांवर डची घेतली, २७. अशा रीतीने दोघेही प्रॉव्हिन्स परवडत असताना त्याकडे पाठ फिरवून डची उचलत होतो, आणि प्रत्येक डचीबरोबर दोघांचेही डेक जड होत होते. कुणाचा हात आधी तुटतो, एवढाच प्रश्न होता.

तो दाजींचा तुटला. त्यांना चारच नाणी आली, त्यांनी इस्टेट घेतली आणि त्यांचे २६ झाले. माझे २७ होते आणि हातात पुन्हा आठ नाणी होती. आता बेरीज बदलली होती: मी प्रॉव्हिन्स घेतला तर ३३, आणि दाजींनी शेवटचा घेतला तरी ३२. मी घेतला. दाजींना डाव संपवून हरायचे नव्हते, म्हणून त्यांनी डची घेऊन २९ केले, आणि पुढच्या खेळीत मला शेवटचा प्रॉव्हिन्स मिळून ३९ वि. २९ असा डाव संपला. गुणफलक पाहून कुणाला तो एकतर्फी वाटेल. प्रत्यक्षात तो त्या चार नाण्यांच्या एका हातावर फिरला, आणि माझ्या डेकमध्ये त्या रात्री एकही इस्टेट नव्हती, दाजींच्या मात्र एक राहून गेली होती.

तुमच्या हरलेल्या डावाकडे परत येतो. तोच पट माझ्यापुढे आला असता, तर चार आणि तीन नाण्यांच्या सुरुवातीला मी सिल्व्हर आणि चॅपेल घेतले असते. मिलिशिया मोहात पाडते, पण चॅपेलबरोबर टक्कर होण्याचे ते ३० टक्के मला नको असतात. पाच आणि दोन आले असते, तर लॅबोरेटरी आणि चॅपेल. सातव्या-आठव्या खेळीपर्यंत इस्टेट तिन्ही आणि कॉपर निम्म्याहून अधिक बाहेर, मग मिळतील तितक्या लॅबोरेटरी, एक मिलिशिया, दोन गोल्ड, आणि स्मिदी दोन झाल्यावरच पहिली व्हिलेज. अशा रीतीने एक डाव खेळून पाहा आणि तो संपल्यावर डेकची यादी आत्ता पाठवलीत तशीच पुन्हा पाठवा. या वेळी शेजारी काढून टाकलेल्या कार्डांचीही यादी लिहा, मी आधी तीच वाचणार आहे.